सोनूबाईंचं दातवण

मस्तगडात दीपमालाचं ब्युटी पार्लर आहे, त्याला आता बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तिने जालन्यातल्या निम्म्या नवऱ्या गोऱ्या केल्या. उरलेल्या निम्म्या दुसऱ्या पार्लरांत गोऱ्या झाल्या. जालन्यात सावळी नवरी शेवटची बोहल्यावर कधी उभी राहिली हे कुणालाच सांगता येणार नाही. निदान अल्बममध्ये तरी तसा पुरावा सापडत नाही. दीपमाला स्वतः चांगली सावळी होती आणि तशीच राहिली होती. गिऱ्हाइकांना त्याचं कोडं पडत नसे. हलवाई कुठे पेढे खात बसतो?

डिसेंबरात एका दुपारी दैवशालाबाई पार्लरात आल्या. या वाटूरच्या पाटलांच्या सूनबाई. वय सहासष्ट, केस काळे, दोन्ही गुडघे नवीन. नवऱ्याची, म्हणजे राधेश्यामरावांची, बियाण्यांची एजन्सी, त्यामुळे कुटुंब तीस वर्षांपासून अंबड रोडला बंगला बांधून राहत होतं.

"दीपमालाताई, एक जानेवारी मोकळी ठिवा," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आमच्या आत्याबाईंना शंभर पूर्ण होऊन राह्यले."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, सोनूबाई. सोनूबाईंची जन्मतारीख आधार कार्डावर एक जानेवारी होती. जिल्ह्यातल्या सत्तरीपुढच्या बहुतेक माणसांचा जन्म त्याच दिवशी झालेला आहे. आधार काढणाऱ्याने "आजी, कधीचा जन्म?" म्हणून विचारलं, सोनूबाईंनी "रझाकाराच्या टायमाला माझी थोरली लेक चालत व्हती" एवढंच सांगितलं, आणि त्यावरून त्याने एकोणीसशे सव्वीस साल काढलं. हिशोब सरकारी असल्यामुळे कुटुंबाने तो मान्य केला.

"मेकप, केस, साडी, सगळं तुमच्याकडं," दैवशालाबाई म्हणाल्या. "आठशे माणूस आहे. स्टेज आहे, ड्रोन आहे. फक्त एक काम करा. त्यांच्या तोंडावरचा पदर काढा."

"म्हंजे?"

"अकरा वर्षं झाले, तोंडावर पदर. जेवतानी बी भिंतीकडं तोंड. आन् आता म्हणतेत, मी स्टेजवर येतच न्हाई. पत्रिका वाटून झाल्या ओ आमच्या!"

सोनूबाईंचा हा पदर पंचक्रोशीत गाजलेला होता. जुन्या बायकांची मर्यादा म्हणून लोक तो दाखवायचे. समाजाच्या एका मेळाव्यात एका वक्त्याने त्या पदरावर पंचवीस मिनिटं घेतली होती आणि समोर बसलेल्या मुलींना मान खाली घालायला लावली होती. ही मर्यादा सोनूबाईंना एकोणनव्वदाव्या वर्षी, कवळी बसवली त्याच आठवड्यात कशी सुचली, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दीपमाला आपली पेटी घेऊन बंगल्यावर गेली.

दिवाणखान्यात सोनूबाईंचा भिंतभर फोटो लावलेला होता. मूळ फोटो पंचाहत्तर वर्षांपूर्वी हैदराबादच्या स्टुडिओत काढलेला, करड्या रंगाचा. राधेश्यामरावांनी तो कॉम्प्युटरवरून रंगीत करून आणला होता. नथ, गळ्यातली पुतळ्यांची माळ, भरदार चेहरा आणि किंचित उघड्या ओठांतून दिसणारे बत्तीस शुभ्र दात. सोनूबाई या फोटोकडे पाठ करून बसल्या होत्या. दीपमालाला ते दिसलं, पण वयस्कर माणसं कशीही बसतात म्हणून तिने सोडून दिलं.

पदराच्या वर दोन डोळे होते. एकाचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं. दुसरा मात्र पेटीवर असा रोखलेला होता की दीपमालाला कॉलेजातल्या तोंडी परीक्षेची आठवण झाली.

"हे काय?" सोनूबाईंनी एक बाटली उचलली.

"फाउंडेशन, आजी. सगळ्या तोंडाला एकसारखा रंग येतो."

"मंग माणूस भिंतीसारखं दिसंल की."

हाच आक्षेप दीपमालाच्या मनात पंधरा वर्षं होता, पण तो धंद्याला परवडणारा नव्हता.

"आन् हे कशाला?"

"प्रायमर. आधी हे लावायचं, म्हंजे वरचा मेकप टिकतो, सरकत न्हाई."

"मेण," सोनूबाई म्हणाल्या आणि ट्यूब खाली ठेवली. "आमी मेण लावायचो कपाळाला. त्याच्यावर कुंकू. नखानं कड कोरायची, गोल म्हंजे रुपयासारखं गोल. पर मेण हिवाळ्यात जास्त घ्यावं लागतं, उन्हाळ्यात कमी. उन्हाळ्यात जास्त घेतलं तं बारा वाजता कुंकू नाकावर येतं. आमच्या धाकट्या जाऊबाईचं यायचं. तिला शिकवून शिकवून थकले मी."

मग सोनूबाई बोलत गेल्या आणि दीपमाला ऐकत गेली. अंगाला मसुराचं पीठ, साय आणि आंबेहळद. केसांना शिकेकाई आणि नागरमोथा. केस वाळवायचे ते उदाच्या धुरावर; त्यासाठी खाटेवर आडवं पडायचं, केस खाली टोपलीवर पसरायचे आणि अर्धा तास हलायचं नाही. काजळ एरंडेलाच्या दिव्याचं, तांब्याच्या ताटलीवर धरलेलं. लोखंडी तव्यावर धरलेलं डोळ्यांत खुपतं. अत्तर ऋतूप्रमाणे, उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, आणि फाया कानात असा ठेवायचा की बाई बाजूने गेल्यावर वास यावा, समोर असताना येऊ नये. गळ्याला तीन वळ्या हव्यात. हडकुळी सून दारात दिसली तर लोक म्हणायचे, पाटलाच्या कणगीत काही उरलेलं दिसत नाही.

"किती वेळ लागायचा, आजी?"

"तीन घंटे. सणाला चार. तुझ्या नवरीला किती लागतो?"

"दोन."

"मंग त्या तशा दिसतेत," सोनूबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेली माहिती होती.

दीपमालाने मुंबईला जाऊन दोन कोर्स केले होते. त्यांची प्रमाणपत्रं पार्लरात लॅमिनेट करून लावलेली होती. कुठलाच कोर्स न केलेली, सही करताना अंगठा पुढे करणारी ही बाई ऋतूप्रमाणे मेणाचं प्रमाण सांगत होती. या बायकांना आपण उगाच 'जुन्या काळच्या साध्या बायका' म्हणत आलो, असं दीपमालाला वाटलं. यांच्यात साधं काहीच नव्हतं.

दैवशालाबाई फोनवर केटररशी बोलत बाहेर गेल्या. सोनूबाईंनी हाताने खूण केली. "दार लोट."

दीपमालाने दार लोटलं. सोनूबाईंनी पदर खाली घेतला आणि ओठ उघडले. आतमध्ये कवळी होती, चांगली, महागाची, नव्या बेसिनसारखी पांढरी.

"दुखतेत का?"

"दुखायला काय झालं. पेरू खाते मी."

"मंग, आजी?"

"पांढरे हायेत ना, माय."

दीपमालाला काही कळलं नाही. तिच्याकडे येणारी प्रत्येक बाई दात पांढरे होतील का, हे विचारायची.

"माझ्या सासूच्या राज्यात पांढऱ्या दाताची सून आली तं बाया म्हणायच्या, पाटलानं घोडी आणली का सून? पांढरे दात जनावराचे. माणसाचे दात काळे पायजेत. लग्न झालं की दातवण लावायचं. हिरडा, मायफळ, हिराकस, लोखंडाचा कीस. हैदराबादच्या बेगमा मिस्सी म्हणायच्या, आमी दातवण. पंधरा दिवस रोज. तोंड असं आंबट व्हायचं की भाकर गोड लागायची न्हाई. तुझ्या नवऱ्या रडत्याल. मंग सोळाव्या दिवशी सासूनं आरसा दिला," सोनूबाई थांबल्या. "म्या आरसा परत दिलाच न्हाई संध्याकाळपतुर."

"मग हे पांढरे कशाला बसवू दिले?"

"राधेश्याम. शिकायला औरंगाबादला व्हता. मी एकदा भेटायला गेल्ते होस्टेलवर. रातीला... न्हाई, दुसऱ्या खेपेला गावाकडं आल्ता तव्हा म्हणला, आई, तू नको येत जाऊ तिकडं, पोरं हसतेत. दातवणाची डबी त्या दिवसापून बंद. तरी दात काळेच ऱ्हायले, लावलेलं जातंय व्हय ते. मंग म्हातारपणी पडले. त्यानं हौसेनं हे बसवले. त्याला वाटलं, आईचं चांगलं केलं."

"सांगायचं होतं ना, आजी."

"कोणाला सांगू? माझ्या टायमाची एक बाई जित्ती न्हाई. मी दिसायला कशी व्हते हे कळायला बघणारं डोळं तसलं पायजे ना. आता मी ज्याला त्याला म्हातारी दिसते. चांगली म्हातारी, वाईट म्हातारी, पर म्हातारीच." त्यांनी पदर पुन्हा वर घेतला. "स्टेजवर बसवतील, माग त्या घोडीचा फोटो. माझे काळे दात बी कॉम्प्युटरनं पांढरे केले त्यात. शंभर वर्षं जगून हे तोंड घेऊन आठशे माणसांपुढं बसू? मी न्हाई येत."

दीपमालाने पेटी मिटली. "काळे असले तर याल?"

सोनूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बराबर काळे असले तं," त्या म्हणाल्या.

"बराबर म्हंजे कसे?"

"ते मला सांगता येत न्हाई. आन् आता या डोळ्याला ओळखू बी येणार न्हाई."

त्या दिवशी दीपमाला ती कवळी पर्समध्ये घालून घेऊन आली. दैवशालाबाईंना तिने पॉलिशला नेते, दोन दिवसांत आणून देते म्हणून सांगितलं. दैवशालाबाईंना ही सेवा पॅकेजमध्ये आहे याचं कौतुक वाटलं.

बसस्टँडच्या मागे मच्छिंद्रची डेंटल लॅब होती. शहरातले डॉक्टर मापं घ्यायचे आणि मच्छिंद्र दात बनवायचा. दीपमालाने त्याला सांगितलं की याच मापाची दुसरी कवळी हवी, काळी. मच्छिंद्रने तिच्यासमोर शेडकार्ड ठेवलं. पट्टीवर ओळीने सोळा दात लावलेले होते.

"ताई, हे सोळा पांढरे हायेत. यातला निवडा."

"काळा न्हाई यात."

"काळा कंपनीनं काढलाच न्हाई. माझ्याकडं लोक काळ्याचे पांढरे करायला येतेत."

"सोळा पांढरे लागतात लोकांना?"

"लागतेत की. आमदाराचा वेगळा, मास्तरचा वेगळा," मच्छिंद्र गंभीरपणे म्हणाला. मग त्याने कवळी उलटीपालटी करून पाहिली. "ॲक्रिलिकात रंग घालून करता येईल. हिरडीचा गुलाबी घालतोच आपण. पण काळा म्हंजे कोणता काळा?"

हा प्रश्न घेऊन दीपमाला घरी गेली.

घरी तिची सासू कांताबाई तूर निवडत बसली होती. कांताबाई मूळची भोकरदनकडच्या धावड्याची. बापाने छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे चाळीस वर्षं तिने लोकांच्या रानात निंदणं-खुरपणं केलं, दोन मुलांना शिकवून मास्तर केलं, आणि आता सून तोंडं रंगवून जे कमावते त्याला ती 'चुन्याचं काम' म्हणायची.

दीपमालाने सगळी हकीकत सांगितली.

"श्रीमंताचं काय बाई," कांताबाई म्हणाली. "दात काळे कराया पंधरा दिवस. आमचे मिसरीनं फुकटात झाले. त्याला कोणी सुंदर म्हणलं न्हाई."

"आई, तुमी पाह्यले होते का तसले दात?"

कांताबाईने सुपातले दोन खडे काढून टाकले.

"आमच्या धावड्याच्या पाटलीणबाईचे व्हते. पोळ्याच्या दिवशी ओट्यावर बसायची. लांबून पाह्यले मी." मग ती सुपाकडे बघत बोलली. "काळे न्हाई ते, दीपे. जांभूळ धुतल्यावर कसं असतं? आत जांभळं आन् वरून चकाकी. बाई हसली की तोंडात अंधार दिसत नसे. दागिना घातल्यावानी दिसायचं. मी घरी येऊन चुलीतला कोळसा लावून बघितला. मायनं मारलं."

चार दिवसांनी मच्छिंद्रने पहिली कवळी आणून दाखवली. कांताबाईने चष्मा लावला, कवळी हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि परत दिली.

"हे तं कंगव्याचे दात हायेत."

"मावशी, काळा म्हणला, काळा केला," मच्छिंद्र म्हणाला.

"म्हशीला बसव."

मच्छिंद्र अठरा वर्षं या धंद्यात होता. त्याच्या कवळ्या घालून लोकांनी निवडणुका जिंकल्या होत्या. तो तोंड पाडून गेला आणि आठवड्याने दुसरी घेऊन आला. ही वांग्यासारखी निघाली. कांताबाई म्हणाली, "आता लईच जांभळं झालं. पाटलीण व्हती ती, भरीत न्हाई." तिसऱ्या वेळी मच्छिंद्रने बाजारातून डबाबंद जांभळं आणली, पाण्याखाली धरली, थेंब पडला की रंग कसा बदलतो ते तासभर पाहत बसला. याचं डोकं फिरलं म्हणून त्याच्या बायकोने सासऱ्यांना फोन केला.

तिसरी कवळी कांताबाईने उन्हात धरली. फिरवली. अंगठ्याने पुसून पुन्हा धरली.

"हां," ती म्हणाली.

मच्छिंद्रने डोळे पुसले. "ताई," तो दीपमालाला हळूच म्हणाला, "मावशीच्या नजरेपुढं आपलं शेडकार्ड काहीच न्हाई."

एक जानेवारीला सकाळी सातला सोनूबाई मंगल कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत आरशासमोर बसल्या. दीपमालाने पेटी उघडली नाही. आंबेहळद, साय, उदाची टोपली, तांब्याच्या ताटलीवरचं काजळ, सगळं तिने पंधरा दिवसांत जमवलं होतं. सोनूबाई सांगत होत्या आणि दीपमालाचे हात चालत होते. थंडी होती म्हणून मेण जास्त घेतलं. कुंकवाची कड कोरताना दीपमालाचा हात एकदा सरकला.

"पूस. पुन्यांदा कर," सोनूबाई म्हणाल्या.

तिने पुसलं आणि पुन्हा केलं. बावीस वर्षांत तिला कुणी 'पुन्हा कर' म्हणून सांगितलं नव्हतं. आणि सांगणारी बाई बरोबर सांगत होती. चेहऱ्यावरची एकही सुरकुती लपवलेली नव्हती. तरी साडेदहाच्या सुमाराला त्या सुरकुत्या चेहऱ्याच्या मालकीच्या वाटायला लागल्या. शेवटी सोनूबाईंनी कवळी बसवली, दोनदा चावून पाहिली आणि आरशाकडे चांगला डोळा केला. मग हनुवटीचा कोन बदलला.

दार उघडून दैवशालाबाई आत आल्या. "झालं का? पाव्हणे..." त्यांची नजर दातांवर गेली.

"कशी दिसते?" सोनूबाईंनी विचारलं.

"आत्याबाई! अहो दात! दीपमालाताई, हे काय करून ठिवलं तुम्ही? लोक म्हणतील, म्हातारीचे दात किडूस्तोवर कोणी डॉक्टरकडं नेलं न्हाई! माझ्या माहेरचे आलेत सगळे!"

"ताई, ही तेव्हाची फॅशन..." दीपमालाने सुरुवात केली.

"तेव्हा असंल! आज माझा कार्यक्रम आहे!" दैवशालाबाई रडायच्या बेतात आल्या. "पांढरी कुठंय? काढा हे. न्हाई तं तुमचं पार्लर मी जालन्यात चालू देणार न्हाई, सांगून ठिवते."

तेवढ्यात राधेश्यामराव घड्याळ बघत दारात आले. त्र्याहत्तर वर्षांचा, तीन तालुक्यांत बियाणं विकलेला माणूस आईच्या तोंडाकडे पाहून जागेवर उभा राहिला.

"आई," ते म्हणाले. "हे पुन्हा?"

"तुझं होस्टेल सुटून पन्नास वर्षं झाले," सोनूबाई म्हणाल्या. "आता येऊ का मी?"

राधेश्यामरावांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. मग काही कारण नसताना पुन्हा पुसला. दैवशालाबाई त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा लावला, पुढे होऊन आईच्या पुढे हात धरला आणि बायकोला म्हणाले, "तिचे हायेत ते. ऱ्हाऊ दे."

हॉल भरलेला होता. मागे फुलांच्या चौकटीत तो पांढऱ्या दातांचा फोटो. निवेदक माईकवर "मर्यादेची मूर्तिमंत..." एवढं म्हणाला आणि नेमका त्याच क्षणी सोनूबाईंनी पदर खांद्यावर घेतला. निवेदकाने उरलेलं वाक्य गिळलं. फोटोग्राफर खाली वाकून म्हणाला, "आजी, स्माईल!"

सोनूबाई हसल्या.

मग पहिल्या रांगेतून, जिथे दैवशालाबाईंच्या भिशीच्या बायका बसल्या होत्या, तिथून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "अगं बाई! किडले की गं सगळे!" मागून दोघी-तिघी खुसखुसल्या. कुणीतरी मोबाईल वर केला.

सोनूबाईंचे डोळे अधू होते, कान मात्र शाबूत होते. हसू ओठांवरच थांबलं. उजवा हात हळूहळू खांद्याकडे, पदराकडे निघाला.

दीपमाला चौथ्या रांगेत उभी होती. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं. दात बरोबर झाले होते. पण या हॉलमध्ये ते वाचता येणारं कुणी नव्हतं, आणि तिने शंभर वर्षांच्या बाईला ते दाखवायला सगळ्यांसमोर आणून बसवलं होतं. ती जागेवरून हलणार, तोच तिच्या शेजारची खुर्ची सरकली. कांताबाई उठली होती. तिला दीपमालाने 'उजेडात रंग कसा दिसतो ते बघा' म्हणून सोबत आणलं होतं. पांढरं लुगडं, हातात काठी, आणि ती सरळ स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाली होती.

"मावशी, भेटवस्तूचा कार्यक्रम नंतर आहे," निवेदक म्हणाला.

कांताबाईने ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. कठड्याला धरून एकेक पायरी चढत ती वर गेली आणि सोनूबाईंच्या समोर उभी राहिली. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा बाजूला, फ्रेममध्ये येऊन राह्यल्या." कांताबाई तिथेच राहिली.

सोनूबाईंचा हात पदराला लागला होता.

"झाकू नका," कांताबाई म्हणाली. "तिसऱ्या खेपेला जमलाय रंग. आधीचे दोन म्या माघारी धाडले."

"तुमी धाडले?" सोनूबाईंनी चांगला डोळा तिच्यावर रोखला. "तुमाला काय ठाव रंग?"

"आमच्या धावड्याला पाटलीणबाईचे व्हते. पाह्यलेत मी."

"बराबर झालेत का मंग?"

कांताबाईने मान वाकडी करून पाहिलं. "तिच्याहून चांगले दिसून राह्यले. तिचे कडेला फिके व्हते."

"ती मेण बी नीट लावत नसंल," सोनूबाई म्हणाल्या. त्यांचा हात पदरावरून खाली आला. "जवळून पाह्यले व्हते का तिचे?"

"जवळ कोण येऊ देणार व्हतं, बाई. महाराची पोर मी. वाड्यापुढच्या लिंबापसून पुढं गेलं की पाटलाचा माणूस दगड उचलायचा."

माईक चालू होता. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. दैवशालाबाई निवेदकाला काहीतरी खुणावत होत्या आणि निवेदकाला बटण सापडत नव्हतं. वाटूरच्या घरापुढेही एक लिंब होता की नाही हे तिथे कुणी विचारलं नाही आणि सोनूबाईंनी सांगितलं नाही.

"मंग आता बघा," त्या म्हणाल्या. "जवळ या. बसा हितं."

शेजारची खुर्ची राधेश्यामरावांची होती. ते उठून बाजूला झाले. कांताबाई बसली, काठी गुडघ्यांना टेकवली आणि कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला. तो पदराच्या टोकाने पुसायला तिने चांगला वेळ घेतला. खाली केटररची माणसं दाराशी येऊन उभी होती, पहिली पंगत बसायची वेळ टळून गेली होती, आणि निवेदक 'वेळेअभावी... वेळेअभावी...' एवढंच पुटपुटत होता.

कांताबाईने चष्मा लावला.

"थोडं उजेडाकडं करा," ती म्हणाली.

सोनूबाईंनी तोंड उजेडाकडे केलं.